पुढचा शब्द कानावर यायच्या आधी: वाक्याचा अंदाज कसा बांधला जातो ते घरी तपासायचंय?

दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मध्ये साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. २००९ मध्ये १० भाषांवर हे मोजून झालंय, भाषेभाषेत थोडं कमीजास्त होतं पण आकडा तिथेच आसपास फिरतो. आणि चित्र बघून त्याचं साधं नाव तोंडातून काढायचं म्हटलं तरी ६०० मिलिसेकंद लागतात. मग समोरच्याचं वाक्य संपल्यावर आपण विचार सुरू केला तर उत्तर एवढ्या लवकर येईलच कसं? नाहीच येणार. वाक्य अर्ध्यात असतानाच हे कुठे चाललंय याचा अंदाज आपण बांधलेला असतो. लोकलमध्ये स्टेशन यायच्या आधीच दाराशी येऊन उभे राहतो ना, तसलं काहीतरी.

हा लेख मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञानाचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, आणि ज्यांना उगाच असल्या गोष्टींची खाज असते त्यांच्यासाठीपण. लॅब नको, लाखांची मशीन नको. लॅपटॉप, मोबाइल, गूगल फॉर्म आणि ऐकून घेतील अशी वीसतीस माणसं, बास.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. अंदाज बांधला होता याचा पुरावा शब्द यायच्या आधी मिळायला हवा. शब्द आल्यावर तो पटकन वाचला, सहज समजला, याने सिद्ध काहीच होत नाही, कारण तो आल्यानंतर आधीच्या वाक्यात नीट बसला म्हणूनसुद्धा सोपा वाटू शकतो. या विषयातली अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात आणि नवशिक्यांचे बरेचसे प्रोजेक्टही इथेच गळपटतात.

पायरी १: वाक्यं तोडा, गाळलेल्या जागा भरायला देऊ नका

पहिलं काम म्हणजे कुठल्या वाक्यात लोकांची अपेक्षा किती पक्की आहे ते मोजणं. याला क्लोझ टेस्ट म्हणतात, विल्सन टेलर नावाच्या माणसाने १९५३ मध्ये आणली, त्याचा हेतू वेगळाच होता, मजकूर वाचायला किती सोपा आहे ते त्याला मोजायचं होतं. पुढे भाषेवर काम करणाऱ्यांनी ती उचलली आणि आता तिच्याशिवाय पान हलत नाही.

शाळेच्या सवयीने आपण लगेच असं लिहितो:

"ढग भरून आले म्हणून बाबांनी निघताना बरोबर ____ घेतली."

इथे घोळ आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि त्या "घेतली"ने सगळं फोडून टाकलं ना! स्त्रीलिंगी शब्द हवा हे वाचणाऱ्याला पुढून कळलं, डबा, रेनकोट वगैरे आपोआप बाद झाले. ऐकणाऱ्याला खऱ्या आयुष्यात ही सोय नसते. म्हणून वाक्य तिथेच तोडायचं:

"ढग भरून आले म्हणून बाबांनी निघताना बरोबर..."

आणि सांगायचं, पुढचा पहिला सुचेल तो शब्द लिहा, विचार करत बसू नका. याच्या जोडीला सैल वाक्य ठेवा: "बाबांनी निघताना बरोबर..." इथे कोणी डबा लिहील, कोणी पिशवी, कोणी छत्री, कोणी मला पण लिहून ठेवेल. पहिल्या वाक्यात ३० पैकी २४ जणांनी छत्री लिहिलं तर २४ भागिले ३० म्हणजे ०.८, हा त्या जागी छत्रीचा क्लोझ आकडा. तुम्हाला जोड्या अशा हव्यात की शब्द तोच पण एकीकडे आकडा चांगला मोठा आणि दुसरीकडे अगदीच बारका.

फॉर्म बनवताना काही गोष्टी सांभाळा. एका माणसाला एका जोडीतलं एकच वाक्य दाखवायचं, दोन्ही दाखवली तर दुसऱ्या वेळी तो पहिल्याचं उत्तर आठवून लिहितो, म्हणजे दोन फॉर्म करा आणि माणसं अर्धी अर्धी वाटा. मध्ये मध्ये भलतीच वाक्यं पेरा नाहीतर लोकांना पॅटर्न कळतो. म्हणी आणि पाठ झालेल्या गोष्टी अजिबात नकोत, "नाचता येईना..." दिल्यावर सगळे अंगणातच जाणार, तिथे वाक्य समजायची गरजच नाही, जीभ आपली आपण पळते. उत्तरं एकत्र कशी धरायची ते आधीच ठरवून लिहून ठेवा: छत्री, छत्र्या, अंब्रेला एकाच खात्यात टाकायचे की वेगळे? आकडे बघून झाल्यावर ठरवलंत तर ती चीटिंग झाली, मग ती कितीही नकळत असो. आणि माणसं कुठली आहेत तेही बघा, शेंगदाणे, दाणे, भुईमूग यातलं आधी काय सुचतं ते नागपूर, कोल्हापूर आणि पणजीत एकच असेल असं धरून चालू नका.

अजून एक. ३० जणांपैकी एकानेही "टोपी" लिहिलं नाही म्हणजे टोपीची अपेक्षा शून्य होती असं नव्हे. प्रत्येकाने एकच शब्द लिहिलाय, त्याच्या डोक्यात मागे अजून चारपाच घुटमळत असतील. आपला अंदाज म्हणजे एका शब्दावर लावलेला जुगार नसतो, बऱ्याच शब्दांची थोडी थोडी तयारी असते.

पायरी २: मराठी कुठे कुठे आधी सांगून टाकते ते ओळखा

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि यावर वेळ घालवाच, कारण इंग्रजी प्रयोग उचलून जसाच्या तसा मराठीत आणला की तो फसतो.

या क्षेत्रातला फेमस प्रयोग म्हणजे आल्टमन आणि कामिदे यांचा, १९९९चा. स्क्रीनवर एक मुलगा, केक आणि आजूबाजूला बॉल, खेळण्यातली गाडी असल्या वस्तू. वाक्य ऐकवायचं की मुलगा केक खाईल, किंवा मुलगा केक हलवेल. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, मग केक. तर "खाईल" ऐकल्या ऐकल्या लोकांचे डोळे केककडे जायला लागले, केक हा शब्द अजून यायचाच होता. "हलवेल" ऐकल्यावर तसं नाही, कारण हलवता सगळंच येतं. डोळे शब्दाआधी पोचले, म्हणजे पुरावा आधीचा, काम झालं.

आता मराठी करून बघा: "मुलगा केक खाईल." केक आधीच येऊन गेला! क्रियापद बिचारं शेवटी.

मग काय, मराठीत अंदाज बांधत नाहीत का? बांधतात की, फक्त धागे वेगळे असतात. जपानीतही क्रियापद शेवटीच येतं आणि २००३ मध्ये कामिदे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेट्रेसने, गिऱ्हाईकाला एवढं ऐकूनच जपानी लोकांची नजर टेबलवरच्या खाण्याकडे वळते, कारण "ला"सारखा प्रत्यय आला म्हणजे काहीतरी दिलं जाणार. हिंदीवरही काम झालंय, हुसैन, वसिष्ठ आणि श्रीनिवासन यांचं, २०१४चं. क्रियापद आणि त्याचं नाम यात अंतर वाढलं की वाचणारा अडखळतो असा साधारण समज आहे, पण नामावरूनच क्रियापद कुठलं येणार हे पक्कं कळत असेल तर हिंदी वाचणाऱ्यांना त्या अंतराचा त्रास झालेला दिसला नाही.

मराठीत तर असे धागे भरपूर. "तिने आंबा..." एवढ्यावर तोडा आणि "मी आंबा..." एवढ्यावर तोडा. पहिल्याला खाल्ला, कापला, आणला अशीच उत्तरं जास्त येतील, कारण "ने" लागला की काम झालेलं आहे असं आपण धरून चालतो (मधूनच कोणी "तिने आंबा खाऊ नये" असं लिहील, डायबेटीसवालं घर असेल). दुसऱ्यात "मी"ला काही लागतच नाही त्यामुळे खाते, खाणार, खाल्ला सगळी दारं उघडी. काही भागात "म्या" अजून ऐकू येतं, तिथे हिशोब बदलतो. आणि पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं लबाड आहेत, "ती चहा प्याली", "ती डबा विसरली", इथे "ने" येत नाही, ती पहिल्या प्रयोगात घेऊच नका. "आईला..." म्हटलं की आवडतं, हवंय, माहितीये, ताप आलाय अशा वेगळ्याच दिशा. "जर" आलं की "तर"ची वाट बघणं सुरू. "मोठी", "पिवळी", "ती" असलं काही आलं की लिंग कळलं आणि निम्म्या वस्तू बाद.

पायरी ३: एक वाक्य नीट घडवा

आता हे सगळे धागे घेऊन आल्टमन-कामिदेचा मराठी अवतार करू. क्रियापद वस्तूच्या आधी आणायचंय, तर जी-ती वापरा:

"सोनू आता जी खाणार आहे ती चकली ताटलीत ठेवलीये."

स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं: चकली, लाडू, थालीपीठ, छत्री. आता शब्दाशब्दाने बघा काय होतं. "सोनू आता" इथपर्यंत चारही वस्तू सारख्याच. "जी" आलं, लाडू गेला, थालीपीठ गेलं, राहिल्या चकली आणि छत्री. "खाणार" आलं, छत्री गेली. म्हणजे "चकली" हा शब्द उच्चारायच्या आधी चकलीच उरलेली आहे, आणि तरी अजून "आहे ती" बोलून व्हायचंय, तेवढा वेळ डोळ्यांना मोकळा मिळतो.

जोडीचं वाक्य: "सोनू आता जी घेणार आहे ती चकली ताटलीत ठेवलीये." इथे "घेणार"नंतरही चकली आणि छत्री दोन्ही शिल्लक. नंतर तुलना करायची ती याच दोन वाक्यांची.

दोन बारकावे. चित्रात प्रत्येक वस्तू एकच हवी, दोन थालीपिठं काढलीत तर "जी" थालीपीठांनाही लागू पडतं आणि सगळी गंमत गेली. तसंच "जे"ने सुरू होणारी वाक्यं टाळा, "जे खाणार आहे ते थालीपीठ" आणि "जे खाणार आहे ते लाडू" दोन्ही चालतं, ऐकणारा लटकून राहतो. आणि सोनू हे नाव मुद्दाम घेतलंय, मुलगा की मुलगी हा प्रश्न नको.

पायरी ४: आवाज रेकॉर्ड करा

मोबाइलवर शांत खोलीत चालतं. बोलणाऱ्याला सांगा की नेहमीसारखं बोल, "ती... चकली" असं नाटकी थांबू नको. "अं..." तर चुकूनही नको, कारण अडखळणं हासुद्धा इशारा असतो, समोरचा अडखळला की ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी नवीन किंवा अवघड येणार, हे २००४ मध्ये प्रयोगाने दाखवलंय. मग प्रात नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, लाटा दिसतात, "खाणार" कुठे सुरू झालं आणि "चकली" कुठे सुरू झालं त्या वेळा लिहून घ्या. या वेळांशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे.

पायरी ५: डोळे बघा

लॅबमध्ये आय ट्रॅकर असतो, म्हणजे नजर कुठे आहे ते नोंदवणारं यंत्र. तुमच्याकडे नाहीये, ठीक आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर चार कोपऱ्यांत चित्रं लावा, मोबाइल स्क्रीनच्या वर मधोमध टेकवून चेहऱ्याचं व्हिडिओ शूटिंग करा. चित्रं दिसल्यावर एक सेकंद जाऊ द्या म्हणजे माणूस चारही बघून घेईल, मग एक बीप, मग वाक्य. बीप व्हिडिओतही ऐकू येतो, त्यावरून वेळ जुळवायची. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, आपल्या कामाला पुरे. वर-डावीकडे, खाली-उजवीकडे असं कोपऱ्यांचं कोडिंग फ्रेम बाय फ्रेम करायचं. कंटाळवाणं आहे हे खरं, चहा घेऊन बसा.

कोडिंग करणाऱ्याने आवाज म्यूट करूनच बघायचं आणि चकली कुठल्या कोपऱ्यात होती हे त्याला माहीत नको. नाहीतर आपलं मन आपल्याला हवं तेच बघतं. चित्रांच्या जागा दर वेळी बदला. लहान मुलं घेणार असाल तर आईवडिलांना विचारून, आणि व्हिडिओ कोणालाही फॉरवर्ड करायचे नाहीत हे वेगळं सांगायला नकोच.

डोळा हलायचं ठरल्यापासून प्रत्यक्ष हलेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. म्हणून मोजायची खिडकी "खाणार" सुरू झाल्यानंतर २०० मिलिसेकंदांपासून "चकली" सुरू झाल्यानंतर २०० मिलिसेकंदांपर्यंत. या खिडकीतल्या किती टक्के फ्रेममध्ये नजर चकलीवर होती ते "खाणार" आणि "घेणार" दोन्हीसाठी काढा. "खाणार"मध्ये जास्त आली तर तो अंदाज, कारण चकली ऐकून नजर हलायला अजून वेळच मिळालेला नाही.

पायरी ६: व्हिडिओ नकोच असेल तर

सेल्फ पेस्ड रीडिंग करा, स्पेसबार दाबला की पुढचा शब्द, प्रत्येक दाबण्याची वेळ आपोआप नोंदली जाते, पीसीआयबेक्स किंवा सायकोपाय या असले प्रयोग चालवायच्या सॉफ्टवेअरवर होतं आणि देवनागरी चालते. अपेक्षित शब्द लोक भराभर ओलांडतात हे तुम्हाला दिसेल. पण सुरुवातीला सांगितलं ते आठवा, ही वेळ शब्द दिसल्यानंतरची आहे.

मेंदूच्या लहरींचं कामही बरेच दिवस याच पेचात होतं. १९८० मध्ये कुटास आणि हिलयार्ड यांनी दाखवलं की पावावर लोण्याऐवजी मोजे लावले असलं वाक्य वाचताना त्या विचित्र शब्दानंतर ४०० मिलिसेकंदांच्या आसपास एक खास लहर येते, एन ४०० म्हणतात तिला. १९८४ मध्ये कळलं की क्लोझ आकडा जितका मोठा तितकी ही लहर लहान. छानच, पण तरी शब्दानंतरचीच ना. मग २००५ मध्ये डीलॉंग, अर्बाक आणि कुटास यांनी युक्ती केली: इंग्रजीत नामाआधी येणारं "अ" की "अ‍ॅन" हे पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं, तर "अ काइट"ची, म्हणजे पतंगाची अपेक्षा असताना "अ‍ॅन" आलं की त्या चिमुकल्या शब्दावरच लहर हलते असं त्यांना दिसलं. सगळीकडे बोलबाला झाला. २०१८ मध्ये ९ लॅबनी मिळून ३३४ लोकांवर तेच केलं आणि नामावरचा परिणाम आला, पण त्या आधीच्या चिमुकल्या शब्दावरचा काही सापडला नाही. म्हणजे माणसं अर्थाचा, वस्तूचा अंदाज बांधतात याला चांगला आधार आहे, पण नेमका शब्द उच्चारासकट आधीच तयार असतो का यावर वाद चालूच आहे. ह्यूटिग आणि मणी यांनी तर २०१६ मध्ये म्हटलंय की भाषा समजायला अंदाज बांधावाच लागतो असंही बहुधा नाही. मला ते पटतं, अंदाज मदत करतो, पण तो चुकला म्हणून वाक्य कळायचं थांबत नाही.

पायरी ७: माणसं कोण घेता

फक्त कॉलेजची मित्रमंडळी घेऊन "मराठी माणूस असा अंदाज बांधतो" असं लिहू नका. अलाहाबादला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिंदीत हेच केलं, विशेषणाच्या लिंगावरून वस्तू ओळखता येईल अशी वाक्यं होती. भरपूर शिकलेल्यांची नजर नाम यायच्या बरीच आधी वस्तूवर गेली, आणि ज्यांचं वाचन अगदी कमी त्यांची नाम ऐकल्यावरच, एक सेकंदाहून जास्त उशिरा. ही माणसं हिंदीच बोलत मोठी झालेली, त्यांना भाषा येत नव्हती असं अजिबात नाही, वाचनाच्या सवयीने अंदाजाला धार येते असा त्याचा अर्थ लावतात. दुसरीकडे दोन वर्षांची जर्मन पोरंही "खातो" ऐकून केककडे बघतात, आणि ज्यांना जास्त शब्द बोलता येतात ती जास्त.

म्हणून आजीआजोबांना, कमी वाचणाऱ्यांना फॉर्म देऊ नका, तोडलेलं वाक्य ऐकवा आणि तोंडी विचारा. आणि मोठेपणी मराठी शिकलेल्यांचा गट वेगळा ठेवा, स्पॅनिशमध्ये दिसलंय की मोठेपणी भाषा शिकलेले लोक लिंगाचा इशारा मूळ भाषिकांसारखा वापरत नाहीत. मुंबईत असे लोक शोधायला बिल्डिंगच्या बाहेरही जावं लागणार नाही.

पायरी ८: निकाल आला, आता शंका घ्या

समजा "घेणार" वाक्यातही सगळे चकलीकडेच बघतायत. कदाचित चकलीचं चित्रच छान आलंय, किंवा जेवायची वेळ आहे. याला उपाय म्हणजे छत्रीलाही तिचा चान्स द्यायचा: "सोनू आता जी उघडणार आहे ती छत्री दाराजवळ ठेवलीये", चित्रं तीच चार. आता "उघडणार"वर नजर छत्रीकडे सरकली आणि "खाणार"वर चकलीकडे, तर चित्र आकर्षक असल्याचा आक्षेप संपला. प्रत्येक चौकडीसाठी अशी दोन्ही वाक्यं करा, चौकड्या निदान दहाबारा हव्यात. पोळी-काठी, जिलबी-खुर्ची, भाकरी-बादली अशा जोड्या काढत बसलात की एका संध्याकाळी होऊन जातं, फक्त प्रत्येक जोडीत एक पुल्लिंगी आणि एक नपुंसकलिंगी खायची वस्तू टाकायला विसरू नका, आणि वाक्यं रेकॉर्ड करायच्या आधी पायरी १चा फॉर्म "सोनू आता जी खाणार आहे ती..." इथे तोडून चित्रांसकट पाचसहा जणांना भरायला द्या.